छोटे शेठ येऊ द्या

परभणीच्या मोंढ्यात हंगाम भरात असताना एखाद्या जुन्या अडत पेढीवर तासभर बसून पाहावे. दारात सोयाबीनच्या गाड्या लागलेल्या असतात. हमालांची लगबग चाललेली असते, मापाडी आकडे पुकारत असतो आणि मुनीमजी एक डोळा वहीवर, एक संगणकावर ठेवून पट्ट्या करीत असतात. एक शेतकरी मागच्या पट्टीतला फरक विचारायला येतो. सेलूचा खरेदीदार फोनवर भाव मागतो. वाहतूकदाराला आगाऊ रक्कम हवी असते, बँकेतून कसला तरी कागद मागितलेला असतो. या सगळ्यांना गादीवरून मिळणारे उत्तर मात्र एकच असते : ‘छोटे शेठ येऊ द्या.’

छोटे शेठ म्हणजे घरातला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. भाव त्याला पाठ, माल पाहताक्षणी ओल किती हे त्याला कळते, कोणता खरेदीदार किती दिवसांनी पैसे देतो याचे गणित त्याच्या डोक्यात. वडील समाधानाने सांगतात, ‘आमच्या पोराने सगळे अंगावर घेतले आहे, आता मला काही बघावे लागत नाही.’ मंदिरात, लग्नकार्यात, पर्युषणाच्या दिवसांत स्थानकात, जिथे चार व्यापारी एकत्र येतात तिथे अशा मुलाचे कौतुक होते, आणि ते रास्तही असते. प्रश्न त्या मुलाच्या कर्तबगारीचा नाही. त्याच्याभोवती बसलेल्या बाकीच्यांचे काय झाले, हा आहे.

हा प्रश्न खेळाच्या मैदानावर फार उघड्यावर पाहायला मिळतो, कारण तिथे हिशेब झाकता येत नाही. फलकावर लिहिलेला असतो.

ज्यांची मुले-नातवंडे शिक्षणासाठी अमेरिकेत गेली आहेत त्यांनी तिथल्या विद्यापीठांच्या फुटबॉलविषयी ऐकले असेल. नाव फुटबॉल असले तरी तो आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा हाताने फेकायचा. एका बाजूला अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे. नाही सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शरद ऋतूतल्या शनिवारी एकेका सामन्याला लाख-लाख प्रेक्षक जमतात, आणि मैदानावर खेळणारी मुले असतात अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची.

या अकरांत एक असतो क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. चेंडू हाती आला की विचार करायला त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर चालून येतात आणि तेवढ्यातच त्याने दूर धावणाऱ्या सोबत्याकडे अचूक फेक करायची असते. फेक साधली की सारे मैदान त्याचे नाव घेते. पण ते तीन सेकंद त्याला मिळवून देतात त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे पाच गडी. चेंडू त्यांच्या हाती सहसा येत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचे नावही सहसा नसते. पेढीवरच्या मुनीम-हमालांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

पूर्वी हा खेळ असा नव्हता. पुढच्या दिशेने चेंडू फेकायला नियमानेच मनाई होती. सारी भिस्त अंगबळावर होती. खेळात इतक्या तरुणांचे बळी जात होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, नियम बदलले आणि पुढे फेक करण्याची मुभा मिळाली. खेळातले मरण कमी व्हावे म्हणून आणलेल्या सुधारणांपैकी ही एक. तिने हळूहळू साऱ्या संघाचे दैव एका तरुणाच्या उजव्या किंवा डाव्या हाताशी बांधून टाकले. सोय म्हणून आलेली गोष्ट पुढे गरज होऊन बसते, ती अशी.

अलाबामा विद्यापीठाच्या संघाची अलीकडची हकीकत या बाबतीत मोलाची आहे. ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटा शहरात राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना होता. प्रतिपक्ष जॉर्जिया विद्यापीठ. अलाबामाचा क्वार्टरबॅक होता जेलन हर्ट्स. त्याच्या नेतृत्वाखाली संघ दोन वर्षांत पंचवीस सामने जिंकला होता आणि फक्त दोन हरला होता. त्या रात्री मात्र मध्यंतरापर्यंत संघाच्या नावावर शून्य गुण होते, जॉर्जियाचे तेरा. प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरानंतर हर्ट्सला बाहेर बसवले आणि पहिल्याच वर्षाला असलेल्या, हवाई बेटांवरून आलेल्या तुआ टागोवायलोआ या डावखुऱ्या मुलाला आत पाठवले. संघाने बरोबरी गाठली. जादा डावात या मुलाने एकेचाळीस यार्डांची फेक केली आणि अलाबामा २६-२३ असा जिंकला. एका रात्रीत एक मुलगा राजा झाला. दुसरा मैदानाच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवीत होता.

इथवरची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, कारण ती विजयाची आहे. खरी गोष्ट पुढे आहे. पुढचा सारा हंगाम संघ तुआच्या फेकीवर चालला. हर्ट्स राखीव झाला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर विद्यापीठ बदलून गेला असता. अमेरिकेत तशी रीतच आहे आणि ‘तू का गेला नाहीस’ असे त्याला अनेकांनी विचारलेही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने पत्रकारांपुढे एक गोष्ट बोलून दाखवली : एवढे सगळे घडून गेले, पण आपल्या मनाला काय वाटते हे आपल्याला कोणी विचारलेच नाही. वीस वर्षांच्या मुलाचे हे बोलणे घरोघरच्या धाकट्या भावांनी, धाकट्या जावांनी ऐकावे असे आहे. मोठ्यांनी तर जरूर ऐकावे.

तरी तो राहिला, सराव करीत राहिला. १ डिसेंबर २०१८ रोजी तेच अटलांटा, तेच मैदान, तोच जॉर्जियाचा संघ. या वेळी तुआची फेक चालेना, आणि शेवटच्या सत्रात त्याचा घोटा दुखावला. अलाबामा सात गुणांनी मागे होता. हर्ट्स आत आला. एका फेकीवर त्याने बरोबरी साधली आणि मग स्वतः चेंडू घेऊन पंधरा यार्ड धावत सीमापार गेला. निकाल ३५-२८. ज्या मैदानावर त्याला बाजूला बसवले होते त्याच मैदानावर त्याने संघ वाचवला. पुढे तो दुसऱ्या विद्यापीठात गेला, तिथून व्यावसायिक खेळात गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. तुआलाही पुढे मोठे यश मिळाले, पण त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच्या कमरेचा सांधा निखळला आणि त्याचा महाविद्यालयीन खेळ तिथेच संपला. तोवर हर्ट्स निघून गेला होता. उरलेले सामने तिसऱ्याच मुलाला खेळावे लागले. मॅक जोन्स त्याचे नाव. त्याच्या नेतृत्वाखाली संघ त्या वर्षी एक चुरशीचा सामना अवघ्या तीन गुणांनी हरला, आणि पुढच्या हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला.

एका विद्यापीठाला तीन वर्षांत असे तीन मुलगे मिळाले, हे दैव म्हणून सोडून देता येईल. पण त्यामागे एक साधी व्यवस्था आहे. महाविद्यालयीन संघात खेळाडू किती वर्षे राहणार हे तो आला त्या दिवशीच ठाऊक असते : सामान्यतः चार हंगाम. कितीही थोर असला तरी पदवी घेऊन तो जाणारच. म्हणून प्रशिक्षक आजचा सामना जिंकत असतानाच पुढच्या मुलाच्या शोधात असतो. जाण्याचा दिवस ठरलेला असणे हे अशा संघावरचे संकट वाटते; वास्तविक तो त्याच्यावरचा उपकार आहे. पेढीला हा उपकार लाभत नाही. तिथे पदवीदान समारंभ नसतो. मुलगा विसाव्या वर्षी गादीवर बसतो आणि सत्तराव्या वर्षीही तोच बसलेला असेल असे सर्व जण गृहीत धरतात. मग दुसऱ्याला तयार करण्याची घाई कोणाला?

अमेरिका दूरची वाटत असेल तर घरचेच उदाहरण घ्यावे. १९९० च्या दशकात सचिन तेंडुलकर खेळत असताना आपल्या गावोगावी एक रीत पडून गेली होती. तो बाद झाला की दुकानातला दूरचित्रवाणी संच बंद व्हायचा आणि मंडळी आपापल्या कामाला लागायची. सामना अजून चाललेला असायचा, सात-आठ गडी शिल्लक असायचे, पण पाहणाऱ्यांच्या लेखी तो संपलेला असायचा. त्यात भाबडेपणा होता असे म्हणावे, तर आकडे तसे म्हणू देत नाहीत. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारताची धावसंख्या १ बाद ९८ होती. बावीस वर्षांचा तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाला. त्यानंतर २२ धावांत आणखी सहा गडी बाद झाले. ८ बाद १२० अशा स्थितीत प्रेक्षकांनी गोंधळ घातला आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. त्याच वर्षी जून महिन्यात इंग्लंडमध्ये एजबॅस्टन येथे भारताचा दुसरा डाव २१९ धावांत आटोपला. त्यांतील १२२ त्याच्या एकट्याच्या, आणि त्याच्या खालोखालची धावसंख्या होती १८.

चेन्नईची कसोटी तर अजून अनेकांच्या मनात सलते. जानेवारी १९९९, समोर पाकिस्तान, जिंकायला २७१ धावा. ५ बाद ८२ अशा पडझडीतून तेंडुलकर आणि नयन मोंगिया यांनी १३६ धावांची भागी केली. तेंडुलकरची पाठ असह्य दुखत होती. मोंगिया बाद झाल्यावरही तो खेळत राहिला आणि १३६ धावांवर झेल देऊन परतला, तेव्हा धावसंख्या होती २५४. हव्या होत्या सतरा धावा आणि हाताशी होते तीन गडी. त्या तिघांच्या मिळून चार धावा झाल्या. भारत बारा धावांनी हरला.

त्यानंतर कित्येक वर्षे चर्चा एकाच गोष्टीची होत राहिली : त्याने तो फटका मारायला नको होता. सतरा धावांची चर्चा फारशी झाली नाही. ज्याने १३६ केल्या त्याला १७ चा जाब विचारला गेला, आणि ज्यांच्याकडून सतरा यायला हव्या होत्या त्यांना कोणी काही विचारले नाही. एकावर भार टाकण्याची ही दुसरी बाजू आहे. यशाचे श्रेय त्याला मिळते हे खरे, पण अपयशाचे खापरही त्याच्याच माथी फुटते, आणि बाकीच्यांना दोन्हींतून सुट्टी मिळते. ही सुट्टी फार गोड असते. ती लागली की माणूस आपल्या वाट्याची सतरा धावांची जबाबदारीही विसरतो.

मार्च २००१ मध्ये त्याच ईडन गार्डन्सवर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, तेंडुलकर दोन्ही डावांत प्रत्येकी दहा धावांवर बाद झाला. पूर्वीच्या हिशेबाने सामना तिथेच संपायला हवा होता. पण दुसऱ्या डावात व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने २८१ आणि राहुल द्रविडने १८० धावा काढल्या. दोघांनी ३७६ धावांची भागी रचली आणि फॉलोऑन मिळालेला संघ १७१ धावांनी जिंकला. या सामन्याच्या आठवणींत एक गोष्ट बहुधा निसटते. शेवटच्या दिवशी तेंडुलकरने गोलंदाजी करून हेडन, गिलख्रिस्ट आणि वॉर्न असे तीन गडी बाद केले. फलंदाजीचा भार दुसऱ्यांनी उचलला त्या दिवशी त्याच्या हातून जे काम झाले, ते त्याच्याकडून होईल असे कोणी धरून चालले नव्हते. घरातल्या कर्त्या मुलाच्या बाबतीतही असेच घडत असावे. रोजच्या पट्ट्या, वसुली आणि फोन यांतून त्याचे डोके मोकळे झाले तर त्याला आणखी काय सुचले असते, हे त्याच्या वडिलांना कळायला वावच मिळत नाही.

याहून जुनी एक गोष्ट सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांची. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाविरुद्ध हजारे ज्यात खेळत होते तो ‘रेस्ट’, म्हणजे इतरांचा संघ. हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या जोरावर ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत संपला, त्यांतील ५९ हजारे यांच्या. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ हजारे यांच्या होत्या. शेकडा ऐंशीच्या जवळपास! इतके करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. एकटा माणूस किती करू शकतो आणि किती करू शकत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका धावफलकावर आहेत.

त्याच फलकावर आणखी एक नाव आहे : विवेक हजारे, विजय यांचे धाकटे बंधू. सहाव्या गड्यासाठी दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा. आकडा पाहून हसू येईल. पण मोठा भाऊ धावा काढीत असताना दुसऱ्या टोकाला हा भाऊ बाद न होता उभा राहिला, म्हणून ३०९ झाल्या. घरातला असा २१ धावांचा भाऊ ओळखायला वेगळी नजर लागते. नफ्यातोट्याच्या पत्रकात त्याचे नाव येत नाही. तो वखारीची किल्ली सांभाळतो, बाजार समितीत कागद देऊन येतो, दुपारी गादीवर बसून राहतो. वाटणीच्या वेळी मात्र त्याच्या २१ धावाच मोजल्या जातात. अनेक चांगल्या घरांत कडवटपणाची सुरुवात या मोजणीतून झाली आहे.

आता पुन्हा मोंढ्यात यावे. छोट्या शेठच्या हातात आज नेमके काय काय आहे याची यादी एखाद्या रविवारी शांतपणे करून पाहावी. बँकेच्या खात्यावर सही त्याची. जीएसटीचे विवरणपत्र भरताना येणारा ओटीपी त्याच्या मोबाइलवर. माल पाठवायचा तर ई-वे बिल त्याच्या पासवर्डने निघते. कोणत्या जिनिंगवाल्याकडे किती येणे आहे हे वहीत आहे. पण त्यातले कोणते खरे येणारे आणि कोणते नुसते लिहिलेले, हे त्याच्या डोक्यात. मानवत, पाथरी, जिंतूरकडचे कोणते शेतकरी पुढच्या पेरणीपर्यंत उचल मागतील आणि त्यांतल्या कोणाला द्यायची, हेही त्याच्याच डोक्यात. पूर्वी पेढीची अक्कल वह्यांमध्ये असायची, आणि वह्या निदान तिजोरीत असत. आता ती एका खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि तो फोन उघडायचा अंगठा एकाचाच.

कायदा या बाबतीत भावनेचा विचार करीत नाही. एकट्या मालकीची पेढी असेल तर मालकाच्या निधनाची खबर मिळताच बँक त्या खात्यावरचे धनादेश थांबवते. ‘आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे’ असे घरचे सांगतात, पण १८७२ च्या करार कायद्यानुसार ज्याने मुखत्यारी दिली त्याच्या मृत्यूबरोबर ती संपते. भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचे ४२ वे कलम पाहावे : करारपत्रात वेगळी तरतूद नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. भागीदार दोनच असतील तर मागे एकच उरतो, आणि एकट्याची भागीदारी होत नाही. वडील आणि मुलगा अशा दोघांच्या भागीदाऱ्या आपल्या समाजात किती आहेत, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. विम्याने नुकसानीचे पैसे मिळतात, तो जरूर उतरवावा. पण कोणाचा माल ओला निघतो हे विमा कंपनी सांगायला येत नाही.

आणि यासाठी दरवेळी मृत्यूच यावा लागतो असे नाही. पाय मोडतो. पंधरा दिवस डेंग्यूचा ताप येतो. कधी मुलगाच सांगतो की त्याला पुण्यात वेगळा व्यवसाय करायचा आहे. तेव्हा वडिलांना तो कृतघ्न वाटतो. सात वर्षे सारा भार एकट्याने ओढून तो थकला आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्याला तसे कोणी विचारलेले नसते.

दुसरा माणूस कुठून आणायचा, असा प्रश्न पुढे येतो. पुष्कळदा तो घरातच असतो. धाकटा भाऊ असतो, ज्याच्याकडे फक्त वसुलीच्या चकरा असतात. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आलेली सून असते. तिने माहेरी वडिलांचा हिशेब पाहिलेला असतो आणि सासरी तिच्याकडे फक्त घरखर्चाची वही दिलेली असते. मुलगी असते. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि तो वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. हक्क कागदावर आला. बाजारभाव सांगणारा फोन मात्र अजून तिच्या हाती आलेला नाही.

दिवाळीला आपल्या घरोघरी वहीपूजन होते. तो भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. त्याच पहाटे गौतम स्वामींना केवलज्ञान झाले, अशी आपली परंपरा सांगते. भगवंतांवरील स्नेहच त्यांना इतकी वर्षे अडवीत होता, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. संसारातल्या पेढीची त्या प्रसंगाशी तुलना करण्याचे धाडस कोणी करू नये. एवढेच पाहावे की भगवंतांनी आपल्या हयातीतच अकरा गणधरांना जबाबदाऱ्या दिल्या होत्या, आणि म्हणून चतुर्विध संघ पुढे चालू राहिला. आपण मात्र त्याच शुभदिनी नवी वही उघडतो आणि पहिल्या पानावर अक्षर दरवर्षी त्याच एका हाताचे असते.

एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. हंगाम अगदी मंदीत असताना नव्हे, चांगला चालू असताना, छोट्या शेठने आठ दिवसांसाठी सम्मेदशिखरजीच्या यात्रेला जावे आणि फोन घरी ठेवून जावे. सह्यांची सोय, पासवर्ड आणि येण्याची खरी यादी आधी धाकट्याच्या व सुनेच्या हाती लेखी द्यावी. पहिल्या दिवशी मोठे शेठ दर अर्ध्या तासाला, ‘त्याला कसेही करून फोन लावा’ म्हणतील. दुसऱ्या दिवशी एका खरेदीदाराला चुकीचा भाव सांगितला जाईल आणि क्विंटलमागे दहा-वीस रुपयांचे नुकसान होईल. ते नुकसान शिकवणीचा खर्च म्हणून खाती टाकावे. तिसऱ्या दिवशी मुनीमजी जिन्याखाली उभे राहून सूनबाईंना विचारतील की अमक्याची उचल द्यायची का, आणि त्या वही मागवून घेतील. चौथ्या दिवशी मोंढ्यात कोणी शेतकरी पट्टीतला फरक विचारायला येईल, तेव्हा सवयीने गादीवरून शब्द येतील, ‘छोटे शेठ येऊ...’, आणि मागून धाकटा म्हणेल, ‘बसा काका, मी बघतो.’